शांत किनाऱ्याला कारण असते

समुद्र कधीच निःशब्द नसतो. लाट फुटण्याचा आवाज दिवसरात्र चालू असतो, आणि पावसाळा जवळ आला की तो इतका वाढतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते. तरीही ऑटिझम असलेली अनेक मुले या आवाजाजवळ तासन्‌तास रमतात. हीच मुले बंगळुरूच्या घरात मिक्सर सुरू झाला की कान दाबून दुसऱ्या खोलीत पळतात. हे वरवर विसंगत वाटते, पण शांत किनाऱ्याचा शोध इथूनच सुरू करावा लागतो. लाटेचा आवाज मोठा असला तरी त्याला लय आहे. एक लाट ओसरली की दुसरी येणार, हे मुलाला दोन मिनिटांत कळते. मिक्सर, हॉर्न, फटाका आणि लग्नाच्या वरातीतला बेंजो मात्र न सांगता अंगावर येतात. अशा मुलाच्या लेखी शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे. काहीही अवचित घडू नये, ही त्याची शांतता असते.

लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हाच सगळे जसेच्या तसे राहावे ही त्या मुलांची ओढ आणि मोठ्या आवाजांची भीती त्यांनी नोंदवली होती. मात्र आवाज, स्पर्श, प्रकाश, वास यांची अतितीव्र किंवा अतिमंद जाणीव निदानाच्या निकषांत यायला 2013 साल उजाडले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती त्या वर्षी निघाली. मराठीत या स्थितीला ‘स्वमग्नता’ म्हणतात. हा शब्द रुळला आहे, पण तो थोडा दिशाभूल करतो. मूल स्वतःत बुडालेले असते म्हणून बाहेरचे त्याला कळत नाही, असा अर्थ त्यातून निघतो. प्रत्यक्षात पुष्कळदा उलट असते. बाहेरचे सगळे एकदम आणि सारख्याच जोराने आत येते, आणि मूल त्यापासून स्वतःला वाचवू पाहते. भर बाजारात जमिनीवर पडून रडणाऱ्या मुलाकडे पाहून लोक ‘हट्टी आहे’ म्हणतात. तो हट्ट नसतो. पालक त्याला मेल्टडाऊन म्हणतात, आणि तो सुरू झाला की समजूत काढून किंवा रागावून थांबत नाही.

बंगळुरूत निम्हान्ससारखी मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, खासगी थेरपी केंद्रे आहेत, ऑटिझम असलेल्या मुलांच्या खास शाळा आहेत. निदान आणि उपचारांच्या बाबतीत देशातल्या बऱ्याच गावांपेक्षा या शहरातले पालक सुदैवी आहेत. पण एप्रिल-मेची सुटी लागली, थेरपीचे वेळापत्रक विस्कटले, की घरात एक वेगळाच प्रश्न उभा राहतो: बाकीच्यांसारखे आपणही कुठे जाऊ शकतो का? मोठी बहीण किंवा धाकटा भाऊ वर्षभर या एका मुलाच्या वेळापत्रकावर जगलेला असतो. त्याचीही सुटी असते. हा प्रश्न चैनीचा समजला जातो, आणि ते चूक आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमची गणना आहे, आणि त्याच कायद्याच्या 29 व्या कलमात सांस्कृतिक जीवनात व मनोरंजनात बरोबरीने भाग घेण्याचा हक्क आहे.

बंगळुरूच्या मराठी कुटुंबापुढे पश्चिम किनाऱ्याचा मोठा पट्टा असतो. दक्षिणेला मंगळुरू-उडुपी, मध्ये होन्नावर, कुमठा, गोकर्ण, अंकोला, कारवार, पुढे गोव्यातला काणकोण तालुका आणि त्याही वर सिंधुदुर्ग. ‘शांत बीच’ म्हणून या पट्ट्यातली पाच-पन्नास नावे कुणीही सांगते. अशा यादीचा उपयोग मर्यादित असतो, कारण किनारा शांत आहे एवढेच तिच्यातून कळते. तो का शांत आहे ते कळत नाही. गर्दी समुद्राकडे धावते. जिथे ती पोचलेली नाही, तिथे तिला काहीतरी अडवते आहे. ते अडवणारे काय आहे हे कळले, तरच शांतता आठ दिवस टिकेल की शनिवारी सकाळी संपेल याचा अंदाज बांधता येतो.

सर्वांत भक्कम कारण कायद्याचे. गोव्यातले मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीच्या जागा आहेत. 2011 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत त्यांची नावे घेऊन संरक्षण सांगितले आहे आणि विणीच्या क्षेत्रात विकासकामांना मनाई केली आहे. 2019 च्या अधिसूचनेनेही कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित वर्गातच ठेवल्या. मादी हिवाळ्यात रात्री वाळूत अंडी घालते, आणि पन्नास-एक दिवसांनी निघालेली पिल्ले उजेडाच्या रोखाने समुद्राकडे जातात. हॉटेलचे झगझगीत दिवे लागले की ती उलट दिशेने, जमिनीकडे चालू लागतात. म्हणून तिथे दिवे, डामडौल आणि गोंगाट यांना आवर घालावा लागतो. जे कासवाच्या पिल्लाला भरकटवते, तेच या मुलालाही असह्य होते. कासवांसाठी राखलेली शांतता या मुलांना आयती मिळते. चारही ठिकाणे मात्र सारखी नाहीत. मोरजी-मांद्रे उत्तर गोव्याच्या रहदारीला लागून आहेत. आगोंदला राहायची सोय मुबलक, त्यामुळे माणसांची ये-जाही अधिक. तळपण आणि गालजीबाग या दोन नद्यांच्या मधला गालजीबागचा किनारा, मागे सुरूची झाडे आणि पुढे मोकळी वाळू एवढाच ऐवज बाळगून, अजून बराच निवांत आहे.

दुसरे कारण सरकारी कुंपणाचे. कारवारच्या दक्षिणेला नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पासाठी अरगा, बिणगा या भागातली किनारी गावे गेली, आणि 2005 मध्ये तिथे ‘आयएनएस कदंब’ हा तळ सुरू झाला. तिथली वाळू आता कुणाच्याच सुटीसाठी नाही. ही शांतता विस्थापित कुटुंबांच्या किमतीवर आलेली आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. कुंपणाबाहेर, कारवार शहरात, चित्र उलटे आहे. रवींद्रनाथ ठाकूर 1883 च्या सुमारास, भाऊ सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असताना, इथे राहिले होते. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी इथेच लिहिले. त्यांच्या नावाचा शहरातला किनारा आज राष्ट्रीय महामार्गाला खेटून आहे. ‘आयएनएस चपळ’ या जुन्या युद्धनौकेचे संग्रहालय तिथे आहे, आणि जहाजे-इंजिने यांचे वेड असलेल्या मुलाला ते जरूर दाखवावे. पण संध्याकाळी तिथे थांबायचे ठरवणे चूक. भेळेच्या गाड्या, आइस्क्रीमवाल्यांची घंटी, महामार्गावरचे ट्रकचे हॉर्न हे सगळे एकाच वेळी कानावर येते.

तिसरे कारण भूगोलाचे. खाडी आडवी येते, पूल लांब असतो, डोंगराचे नाक समुद्रात घुसलेले असते, आणि शेवटचा अर्धा तास चालावे लागते. कारवारहून काळी नदी ओलांडली की सदाशिवगड, आणि तिथून गोव्याच्या हद्दीपर्यंत माजाळीचा लांबलचक किनारा. माजाळीच्या टोकाची छोटी टेकडी चढून उतरले की तीळमाती लागते. तिथली वाळू काळी आहे, तिळाच्या दाण्यांसारखी जाड आणि सुटी. नाव त्यावरूनच पडले. बोटांना चिकटणारी बारीक ओली वाळू ज्या मुलाला सहन होत नाही, असे मूल अशा सुट्या दाण्यांत हात खुपसून कितीतरी वेळ बसू शकते. दुसऱ्या एखाद्या मुलाला हीच वाळू टोचेल. तिथे सावली नाही, पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, आणि परतताना तीच टेकडी पुन्हा चढायची आहे. गर्दीला अडवणारी गैरसोय कुटुंबालाही सोसावी लागते, हा भौगोलिक शांततेचा हिशेब आहे.

चौथ्या कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. प्रत्येक शहराचा एक आवडता किनारा असतो. बंगळुरूची तरुण गर्दी शुक्रवारी रात्रीच्या बसने गोकर्णला येते आणि ओम, कुडले किनाऱ्यांवर उतरते. पुणे-कोल्हापूरची गर्दी मालवण-तारकर्लीला थांबते, हुबळी-बेळगावची कारवार आणि गोव्याला. या गर्दीच्या ठिकाणांच्या मध्ये काही मोकळ्या जागा उरतात: एक माजाळीपासून काणकोणपर्यंत, दुसरी रेडी-शिरोड्यापासून मोचेमाड, वायंगणी, कोंडुरा, निवती करत भोगव्यापर्यंत. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण तो सगळीकडे सारखा पर्यटनाचा झालेला नाही. तारकर्लीला पाण्यावरच्या मोटारी, छत्र्या आणि स्कूबाच्या होड्या आहेत. कर्ली नदीच्या मुखापलीकडे भोगव्याला तोच समुद्र आणि तीच वाळू आहे, माणसे मात्र फार थोडी.

ज्या शांततेला यांपैकी कुठलेच कारण नाही, फक्त ‘अजून कुणाला माहीत नाही’ एवढाच जिचा आधार आहे, ती भरवशाची नसते. एका चित्रफितीने ती मोडते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांचे संरक्षण सुरू झाल्यावर त्या कासवांसाठीच कासव महोत्सव भरू लागला, आणि एका आडगावी फेब्रुवारी ते एप्रिल पाहुण्यांची रीघ लागली. गावाला उत्पन्न मिळाले, कासवे वाचली, हे फार चांगले झाले. पण पिल्ले सोडण्याच्या वेळी दोरीमागे दाटीने उभ्या असलेल्या, मोबाइल उंचावलेल्या गर्दीत ऑटिझम असलेल्या मुलाला नेऊ नये. त्याच किनाऱ्यावर दुपारी चारला कुणी नसते.

म्हणजे जागेइतकाच काळाचाही विचार हवा. सोमवार ते गुरुवार हे चार दिवस बहुतेक किनारे मोकळे असतात. एप्रिलमधला गुड फ्रायडे, 14 एप्रिलची आंबेडकर जयंती, 1 मे यांपैकी काही शनिवार-रविवारला लागून आले की उत्तर कन्नड जिल्ह्यापासून सिंधुदुर्गापर्यंत खोल्या भरतात. शिवाय एप्रिल-मे म्हणजे कोकणात लग्नांचा, जत्रांचा आणि सत्यनारायणांचा हंगाम. गूगलवर निर्जन दिसणाऱ्या वाडीत रात्री दहापर्यंत कर्णा वाजू शकतो. खोली ठरवताना घरमालकाला ‘समुद्र किती लांब?’ असे विचारण्याआधी ‘त्या आठवड्यात वाडीत लग्न, पूजा, जत्रा आहे का? देवळाचा स्पीकर किती जवळ? वीज गेली की जनरेटर कुठे लागतो?’ हे विचारावे. इथे भाषेचा मोठा आधार होतो. कारवार-माजाळी, काणकोण, सिंधुदुर्ग या सगळ्या पट्ट्यात कोकणी किंवा मालवणी बोलणारी आणि मराठी सहज समजणारी माणसे आहेत. कानडी अजून पक्की न बसलेल्या मराठी आईला बंगळुरूत जे शेजारणीला समजावताना अडते, ते माजाळीच्या घरमालकीण काकूंना दोन वाक्यांत सांगता येते: ‘काकू, हा बोलत नाही, पण सगळं कळतं त्याला. अचानक आवाज झाला की घाबरतो, तेवढं मिक्सर लावण्याआधी सांगाल का?’ काकू सांगतात. वाटण सकाळी सातला काढतात, तेव्हा मूल समुद्रावर असते.

इथपर्यंत सगळा विचार आवाजाचा झाला. पण शांत किनाऱ्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, आणि उत्साहाच्या भरात ती नजरेआड होते. ऑटिझम असलेली बरीच मुले क्षणात हात सोडून धावत सुटतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी सर्वेक्षणात चार वर्षांवरील अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनी एकदा तरी असे निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले. पाण्याची ओढ तर विलक्षण. 2017 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मृत्युनोंदी तपासल्या. त्यांच्या निष्कर्षानुसार पंधरा वर्षांखालील ऑटिझम असलेल्या मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका इतर मुलांच्या सुमारे 160 पट आहे. हा आकडा भीती घालण्यासाठी नाही. किनारा निवडताना तो पहिल्या ओळीत लिहून ठेवण्यासाठी आहे. किनारा जितका निर्जन, तितका जीवरक्षक नसण्याचा संभव जास्त. गर्दी टाळताना हाक ऐकणारी माणसेही टळतात.

त्यात शांत किनारे बरेचदा खाडीच्या मुखाशी असतात. गालजीबाग, भोगवे, काळीच्या मुखावरचा देवबाग ही सगळी ठिकाणे तशीच आहेत. ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी मुखातून वेगाने बाहेर ओढले जाते, आणि वरून ते संथ दिसते. मुखापासून बरेच लांब, किनाऱ्याच्या मधल्या भागात बसावे. बारीक वाळूचा, मंद उताराचा किनारा लहान मुलासाठी चांगला. तिथे लाट लांबवर फुटून फेस होत पायांशी येते. जाड वाळूचा किनारा बहुधा तीव्र उताराचा असतो, आणि तिथे लाट पायांशीच कोसळते. मरवंथेसारखा किनारा चित्रातला वाटतो: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी, मधून महामार्ग. हात सोडून धावणाऱ्या मुलासाठी तिथे तिन्ही बाजूंनी धोका आहे. तो गाडीतून पाहावा आणि पुढे जावे.

कोकणातली जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. जागेनुसार तासाभराचा फरक पडतो, आणि नेमकी वेळ स्थानिक कोळ्याला विचारावीच. पण सुटीचा आठवडा ठरवायला हा ठोकताळा पुरतो. उन्हाळ्यात किनाऱ्यावर जाण्याजोग्या वेळा दोनच: सकाळी साडेनऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. अष्टमीच्या आसपास नेमक्या याच वेळांना भरती असते. वाळूचा पट्टा आखूड होतो आणि पाणी जवळ येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळ-संध्याकाळ ओहोटी मिळते, ओली सपाट वाळू दूरवर पसरते, आणि मुलाला पाण्यापासून अंतर राखून धावायला जागा राहते. हे उधाणाचे दिवस असतात, दुपारची भरती मोठी असते, खाडीमुखाची ओढही जास्त असते. पण दुपारी मूल पंख्याखाली असते आणि खाडीमुखाशी जायचेच नसते. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी ऊन पाठीमागून येते. माडांच्या लांब सावल्या वाळूवर पडलेल्या असतात आणि डोळ्यांवर तिरीप नसते. प्रकाशाचा त्रास होणाऱ्या मुलासाठी सकाळच बरी.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक धोका असतो. दक्षिण हिंदी महासागरात दूरवर वादळे होतात आणि त्यांच्या लांब लाटा हजारो किलोमीटर चालून केरळ व कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आदळतात. इथे वारा नसतो, आभाळ स्वच्छ असते, आणि पाणी एकाएकी नेहमीच्या रेषेच्या वर चढते. केरळचे कोळी याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. 2012 मध्ये युनेस्कोने हा शब्द शास्त्रीय वापरासाठी मान्य केला. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचा आगाऊ इशारा देते. इशारा असेल त्या दिवशी वाळूवर जायचे नाही, अंगणातच बादलीत पाणी भरायचे.

म्हणून पहिल्या खेपेला अगदी निर्जन किनारा न निवडता मधला मार्ग धरावा, हे अधिक शहाणपणाचे. 2020 मध्ये भारतातल्या आठ किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्यांत होन्नावरजवळचा कासरकोड आणि उडुपी जिल्ह्यातला पडुबिद्री हे दोन कर्नाटकातले. 33 निकषांच्या या मानांकनाचे विषय चार: पाण्याची शुद्धता, पर्यावरण शिक्षण, पर्यावरण व्यवस्थापन, आणि सुरक्षा व सोयी. शांतता हा त्यांतला विषय नव्हे, आणि सुटीच्या दिवशी तिथे गर्दी होते. पण मंगळवारी सकाळी आठला कासरकोडला स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, गोडे पाणी आणि जीवरक्षक असलेली मोकळी वाळू मिळू शकते. अंगाला चिकटलेले खारे पाणी आणि वाळू सहन न होणाऱ्या मुलासाठी त्या गोड्या पाण्याच्या नळाचे मोल निर्जनतेपेक्षा जास्त आहे. गोव्यात 2008 पासून जीवरक्षकांची संघटित सेवा आहे, हेही काणकोणच्या बाजूने जाते. पाण्याजवळ एका मोठ्या माणसाने फक्त याच मुलाकडे पाहायचे, मोबाइल घरी ठेवून. आणि दर अर्ध्या तासाने पाळी बदलायची, म्हणजे दुसऱ्या भावंडालाही आई किंवा बाबा पूर्ण वेळ मिळतात. गडद निळा किंवा हिरवा पोशाख पाण्यात दिसत नाही. नारिंगी घालावा.

बंगळुरूहून पोचण्याचे मार्गही याच कसोटीवर तपासावेत. मोटारीने कारवार पाचशे किलोमीटरहून अधिक, आणि यल्लापूर-अंकोल्यामधला अरबैल घाट गाडी लागणाऱ्या मुलाला कठीण जातो. 2020 मध्ये सुरू झालेली पंचगंगा एक्स्प्रेस संध्याकाळी बंगळुरूहून निघून सकाळी कारवारला पोचते. सकलेशपूर ते सुब्रह्मण्यमधले पन्नासहून अधिक बोगदे रात्री पार पडतात, मूल झोपलेले असताना. जागे असले तर बोगद्यात शिरताना अचानक वाढणारा घुमारा त्याला आधी सांगून ठेवावा. काही मुले तेच बोगदे मोजत बसतात आणि खूश होतात. दोन-टियर वातानुकूलित डब्यात पडदे असतात, त्या पडद्याआड मुलाला आपली हक्काची गुहा मिळते. सिंधुदुर्गासाठी विमानाचा पर्याय आता सोपा झाला आहे: 2023 च्या जानेवारीत सुरू झालेला गोव्यातल्या मोपाचा विमानतळ शिरोडा-रेडीपासून जवळ आहे. लंडनच्या गॅटविक विमानतळावर 2016 मध्ये सुरू झालेली सूर्यफुलांच्या पट्टीची पद्धत बंगळुरू विमानतळानेही स्वीकारली आहे. हिरव्या पट्टीवर पिवळी सूर्यफुले असतात. ती गळ्यात असली की कर्मचाऱ्यांना समजते की या प्रवाशाला वेळ आणि समजूत हवी आहे. तपासणीच्या रांगेत मुलाची गोष्ट दहा अनोळखी लोकांना मोठ्याने सांगावी लागत नाही.

हॉटेलपेक्षा घरगुती निवास बहुतेकदा बरा, पण त्याचे कारण स्वस्ताई नव्हे. तिथे स्वयंपाकघर असते. वर्षभर पांढरा भात, दही आणि एका विशिष्ट कंपनीचे बिस्कीट एवढ्यावर जगणाऱ्या मुलाला सुटीत नवीन चवी शिकवायच्या नसतात. कोकणातली उकड्या तांदळाची पेज अशा काही मुलांना आवडून जाते, कारण ती रोज तशीच असते: रंग तोच, वाफ तीच, मिठाची चव तीच. तळलेल्या बांगड्याचा वास मात्र काहींना घराबाहेर काढतो, आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत तो टाळता येत नाही. तेव्हा शाकाहारी घर शोधावे किंवा खोली स्वयंपाकघरापासून लांबची घ्यावी.

निघण्यापूर्वीची तयारी घरात महिनाभर आधी सुरू होते. कॅरोल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सोशल स्टोरी’ची पद्धत मांडली: येऊ घातलेल्या प्रसंगाची मुलाच्या बाजूने सांगितलेली छोटी, खरी, चित्रांची गोष्ट. घरमालकांकडून खोलीचा, पलंगाचा, बाथरूमचा, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेचा फोटो मागवून अशी गोष्ट करता येते. गाडी, रात्र, स्टेशन, रिक्षा, काकूंचे घर, वाट, समुद्र. गच्चीवर एका परातीत वाळू, दुसऱ्यात मीठपाणी ठेवून पायांची ओळख करून देता येते. मुलाला ओल्या वाळूत पाय घालवत नसेल तर ते बूट घालून जाईल. समुद्र त्याला काही म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी मूल पाण्यात जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. ते बहुधा फेसाच्या रेषेपासून दहा पावलांवर उभे राहते. लाट येते, फेस थांबतो, वाळूत जिरतो, बारीक बुडबुडे फुटतात, आणि एक काळपट ओली किनार मागे राहते. मूल त्या किनारीकडे पाहत असते. मग दोन्ही हात फडफडवते. हे त्याचे आनंदाचे हसू आहे, थांबवण्याची गोष्ट नव्हे. पुढच्या लाटेला ते एक पाऊल पुढे येते. दूर उभा असलेला एखादा पर्यटक टक लावून पाहतो, आणि आईचा हात नकळत मुलाचे हात खाली करायला पुढे होतो. रिकाम्या किनाऱ्याची खरी मोकळीक या जागी आहे. तिथे हात खाली करावे लागत नाहीत.

ही मोकळीक प्रत्येक कुटुंबाने आपापल्या हिकमतीने शोधत राहावी, हे न्याय्य नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राज्य सरकारे परिसराची औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र अशी वर्गवारी करतात. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात आणि तिथे दिवसाची मर्यादा 50 डेसिबल आहे. लाटाच त्याहून मोठ्या गाजतात, तेव्हा हा आकडा किनाऱ्याला जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. पण कर्णे, स्पीकर आणि मोटारींच्या जलक्रीडा यांना ठरावीक किनाऱ्यांवर ठरावीक तासांसाठी मनाई करणे शक्य आहे. प्रत्येक किनारी जिल्ह्यात एक किनारा, आठवड्यातल्या दोन सकाळी, सहा ते दहा. तिथे एक जीवरक्षक, एक स्वच्छतागृह, गोड्या पाण्याचा एक नळ. खर्च थोडा आहे. कासवांसाठी इतके करता आले, तर मुलांसाठी न करण्याचे कारण सांगावे लागेल. याचा फायदा वृद्धांना, आजारातून उठलेल्यांना, आणि वाडीतल्या स्वतःच्या घरात दुपारी डोळा लागू न शकणाऱ्या कोळिणींनाही होईल.

राहता राहिला पुढच्या वर्षीचा प्रश्न. सुटी म्हणजे दर खेपेला नवे गाव, हा रिवाज इतर कुटुंबांना शोभतो. ऑटिझम असलेल्या मुलाला पुन्हा तिथेच न्यावे: तेच घर, तीच खोली, शक्य असेल तर तोच आठवडा. पहिल्या वर्षी जे चित्रांतून सांगावे लागले, ते दुसऱ्या वर्षी त्याला पाठ असते. रिक्षा वळणावर आली की ते उतरायच्या तयारीत असते. काकूंनी गेल्या वर्षीची निळी बादली पडवीत त्याच कोपऱ्यात ठेवलेली असते. ते ती उचलते आणि कुणाची वाट न पाहता माडांच्या वाटेने समुद्राकडे चालू लागते, आणि नारिंगी सदऱ्यामागे एका हाताच्या अंतरावर बाबा चालत असतात.